कोविडसाठी घेतलेल्या पीसीआर मशीनवर हृदयविकाराची मिथायलेशन तपासणी होईल का?

विचारणा अशी आहे: जिल्ह्याच्या ठिकाणी चालणारी पॅथॉलॉजी लॅब, कोविडच्या लाटेत घेतलेलं रिअल-टाइम पीसीआर मशीन आता बरेच दिवस झाकून ठेवलेलं, आणि रक्तातल्या डीएनए मिथायलेशनवरून (डीएनएवर बसणाऱ्या मिथाइल नावाच्या छोट्या रासायनिक गटांवरून) हृदयविकार ओळखणारी तपासणी सुरू करायचा विचार. मार्कर कोणते घ्यायचे, सॅम्पल कसं हाताळायचं, अचूकता किती मिळेल आणि रिपोर्टवर काय छापायचं?

सरळ उत्तर आधी देतो. त्या मशीनवर ही तपासणी होणार नाही; का, ते पुढे आकड्यांत दाखवतो. डिजिटल पीसीआर (प्रती एकेक करून मोजणारं मशीन) किंवा पायरोसिक्वेन्सर (डीएनएची अक्षरं क्रमाने वाचणारं मशीन) हाताशी असेल तर एक जागा भरवशाने मोजता येते, पण ती हृदयविकाराची खूण नाही, सिगारेटच्या धुराची आहे. आणि महाराष्ट्रातल्या तंबाखूच्या सवयी पाहता तिथेही मोठी पंचाईत आहे.

मुळात मोजतो काय, इथून सुरुवात करू. रक्तातून काढलेला डीएनए जवळजवळ सगळा पांढऱ्या पेशींचा असतो. लाल पेशींना आणि प्लेटलेट्सना केंद्रकच नसतं. म्हणजे हृदयाच्या स्नायूचा किंवा कोरोनरी धमनीत साचलेल्या थराचा डीएनए त्या ट्यूबमध्ये नाही. जे दिसतं ते पांढऱ्या पेशींवर धुराचा, साखरेचा, ट्रायग्लिसराइडचा आणि सुजेचा झालेला परिणाम, शिवाय त्या पेशींचं आपसातलं प्रमाण. सायटोसीननंतर ग्वानीन येतं अशा, म्हणजे सीपीजी जागा माणसाच्या जीनोममध्ये सुमारे २ कोटी ८० लाख आहेत. प्रत्येक जागी आपण टक्केवारी मोजतो: डीएनएच्या किती प्रतींवर तिथे मिथाइल गट बसलेला आहे.

आता पुरावा. २०१९ मध्ये सर्क्युलेशन या नियतकालिकात अमेरिका आणि युरोपातल्या ९ अभ्यासगटांचं एकत्रित विश्लेषण आलं. सुरुवातीला हृदयविकार नसलेले ११,४६१ लोक, सरासरी ११.२ वर्षं पाठपुरावा, त्यात १,८९५ जणांना कोरोनरी आजार झाला. पांढऱ्या पेशींच्या डीएनएत ५२ जागा अशा निघाल्या की ज्यांची पातळी पुढच्या आजाराशी जोडलेली होती. काम भक्कम आहे. पण ‘जोडलेली’ या शब्दावर थांबायला हवं. हजारो लोकांच्या सरासरीत एखाद-दोन टक्क्यांचा फरक संख्याशास्त्रात ठळक दिसतो. समोर बसलेल्या एका रुग्णात तो मोजण्यातल्या चुकीखाली बुडून जातो. शिवाय कारण-परिणामाची दिशा बऱ्याचदा उलटी असते. २०१७ मध्ये नेचरमध्ये आलेल्या लठ्ठपणावरच्या अभ्यासात जनुकीय पद्धतीने दिशा तपासली, तेव्हा मिथायलेशनमधले बहुतेक बदल वजन वाढल्याचा परिणाम निघाले, कारण नव्हे. रक्तातल्या चरबीबाबतही असाच निष्कर्ष आला आहे. खूण म्हणून ती जागा तरीही उपयोगी पडू शकते. फक्त ‘ही जागा सुधारली की हृदय सुधारलं’ असं कुणी सांगू लागलं तर ऐकू नये.

ज्या जागा पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या लोकांत सापडल्या आहेत त्या मोजक्याच. एएचआरआर जनुकातली सीजी०५५७५९२१ (हा त्या सीपीजी जागेचा यादीतला क्रमांक) ही त्यांतली सगळ्यात दणकट. सिगारेट कधीच न ओढलेल्यांत ती साधारण ८० टक्क्यांच्या वर असते. वर्षानुवर्षं रोज भरपूर ओढणाऱ्यांत ५०-६० टक्क्यांपर्यंत किंवा त्याहून खाली येते. एवढा मोठा फरक रक्तातल्या दुसऱ्या कुठल्याही सवयीच्या खुणेत क्वचितच दिसतो. सिगारेट सोडली की ती काही महिन्यांत चढायला लागते, पण जुन्या, जड धूम्रपानानंतर पूर्ण भरून येईलच असं नाही. दुसरी एफ२आरएल३ मधली सीजी०३६३६१८३, तीही धुराने उतरते. या जनुकातून प्लेटलेटवरचा थ्रॉम्बिनचा एक रिसेप्टर बनतो, त्यामुळे हृदयविकाराच्या संशोधकांना ती आवडते, आणि स्थिर कोरोनरी आजार असलेल्या जर्मन रुग्णांमध्ये तिची कमी पातळी पुढच्या मृत्यूच्या धोक्याशी जोडलेली दिसली होती.

चयापचयाच्या बाजूला टीएक्सएनआयपी मधली सीजी१९६९३०३१ साखर वाढली की उतरते, एबीसीजी१ मधली सीजी०६५००१६१ ट्रायग्लिसराइड वाढलं आणि एचडीएल घटलं की चढते, आणि सीपीटी१ए मधली सीजी००५७४९५८ ट्रायग्लिसराइड वाढलं की उतरते. यातली एक गोष्ट आपल्या दृष्टीने मोलाची: पश्चिम लंडनमधल्या लोलिपॉप अभ्यासात भारतीय वंशाच्या लोकांचा पाठपुरावा होता, आणि २०१५ मध्ये त्यातून टाइप २ मधुमेहाच्या पाच जनुकांतल्या जागा पुढे आल्या: एबीसीजी१, फॉस्फो१, एसओसीएस३, एसआरईबीएफ१ आणि टीएक्सएनआयपी. म्हणजे मधुमेहाच्या खुणा निदान आपल्या रक्ताच्या लोकांत पाहिल्या गेल्या आहेत. कोरोनरी आजाराच्या वर सांगितलेल्या ५२ जागांबद्दल तसं म्हणता येत नाही.

बाजारात तयार तपासणी नाही का? अमेरिकेत आहे. सहा मिथायलेशन जागा आणि दहा जनुकीय बदल एकत्र वाचणारी, डिजिटल पीसीआरवर चालणारी कोरोनरी आजाराची तपासणी; २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पडताळणीत तिची संवेदनशीलता (आजाऱ्यांपैकी किती पकडले) ७९ टक्के आणि विशिष्टता (निरोगींपैकी किती जणांना बरोबर निगेटिव्ह म्हटलं) ७६ टक्के निघाली. जनुकीय बदल सोबत घेण्याचं कारण असं की एकाच जागेचं मिथायलेशन शेजारच्या जनुकीय बदलाप्रमाणे माणसागणिक वेगळं असतं. तो बदल माहीत नसेल तर जन्मजात फरकालाच आपण आजार समजतो.

आकडे ऐकायला बरे वाटतात. गणित करून पाहा. लक्षणं नसलेल्या १,००० लोकांचं शिबिर घेतलं आणि त्यात ५ टक्के लोकांना खरोखर आजार आहे असं धरलं. ५० आजाऱ्यांपैकी साधारण ४० पकडले जातील. उरलेल्या ९५० निरोगी लोकांपैकी २२८ जणांचा रिपोर्टही पॉझिटिव्ह येईल. म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्या दर सात जणांत जेमतेम एक आजारी, आणि सहा जण उगाच स्ट्रेस टेस्ट, सीटी अँजिओ आणि झोप उडवणारे आठवडे यांच्या चक्रात. हीच तपासणी छातीत दुखतं म्हणून हृदयरोगतज्ज्ञाकडे आलेल्या, ३० टक्के शक्यता असलेल्या गटात लावली तर पॉझिटिव्हपैकी सुमारे ५९ टक्के खरे निघतात आणि निगेटिव्ह रिपोर्ट ८९ टक्के वेळा खरा ठरतो. तपासणी तीच, पण शिबिरात ती घातक आणि ओपीडीत कदाचित उपयोगी. आरोग्य शिबिराच्या पॅकेजमध्ये ती घालायचा विचार असेल तर तो इथेच सोडावा.

आता मशीन का चालणार नाही ते. रिअल-टाइम पीसीआर सायकल मोजतं, आणि एक सायकल म्हणजे दुप्पट. मिथायलेटेड प्रती ८५ टक्क्यांवरून ७५ टक्क्यांवर आल्या, म्हणजे एएचआरआरमध्ये चांगली दखल घेण्याजोगी घसरण झाली, तर सीटी (सिग्नल उमटायला लागणाऱ्या सायकलची संख्या) किती हलेल? ८५ भागिले ७५, त्याचा दोनच्या पायातला लॉग: ०.१८ सायकल. एकाच सॅम्पलच्या तीन विहिरींमध्येच (प्लेटवरच्या खळग्यांमध्ये) ०.१ ते ०.२ सायकलचा फरक सहज येतो. उलट बाजूने, अनमिथायलेटेड प्रती मोजल्या तर त्या १५ वरून २५ टक्क्यांवर जातात आणि ०.७४ सायकल मिळते. जड धूम्रपान करणारा ओळखायला हे एखादवेळी चालेल. पण कोरोनरी आजाराच्या जागांचा फरक दोन टक्क्यांचा, ८५ वरून ८३. तो आहे ०.०३ सायकल. कितीही विहिरी लावा, दिसणार नाही. कोविडमध्ये विषाणू आहे की नाही हे विचारायचं होतं. इथे दोन्ही प्रकारच्या प्रती भरपूर आहेत आणि त्यांचं गुणोत्तर हवं आहे.

म्हणून थेंबांचं डिजिटल पीसीआर. २० मायक्रोलिटरची रिअॅक्शन सुमारे २०,००० थेंबांत फोडली जाते, प्रत्येक थेंबात पीसीआर होतं आणि पॉझिटिव्ह थेंब मोजले जातात. मिथायलेटेड प्रतीसाठी फॅम रंगाचा प्रोब (ठरावीक तुकड्याला चिकटून चमकणारा डीएनएचा छोटा धागा), अनमिथायलेटेडसाठी हेक्स किंवा विक. इथे मर्यादा मशीनची नसते, रेणूंच्या संख्येची असते. एका हॅप्लॉइड जीनोमचं वजन सुमारे ३.३ पिकोग्रॅम, म्हणजे २० नॅनोग्रॅममध्ये साधारण ६,००० प्रती. बायसल्फाइटने (मिथाइल असलेलं आणि नसलेलं वेगळं दाखवणारी रासायनिक प्रक्रिया, ती पुढे येते) त्यातल्या बऱ्याच तुटतात. समजा २,००० वाचल्या आणि खरी पातळी ८० टक्के आहे, तर प्रमाण त्रुटी ०.९ टक्के, आणि ९५ टक्के खात्रीची पट्टी दोन्हीकडे पावणेदोन टक्के. दहा टक्क्यांचा फरक यात छान दिसेल, दोन टक्क्यांचा नाही; त्यासाठी १०,००० च्या आसपास वाचलेले रेणू लागतात, म्हणजे अशा पाच विहिरी एकत्र करणं आलं. अॅम्प्लिकॉन सिक्वेन्सिंगवाल्यांनाही (पीसीआरने वाढवलेले तुकडे अक्षरं वाचून मोजणाऱ्यांनाही) हेच लागू. ३०० मूळ रेणूंवरून १०,००० रीड्स (वाचलेले तुकडे) काढले तरी माहिती ३०० रेणूंचीच असते. रीड्सचा आकडा दाखवून अचूकता सांगणारा रिपोर्ट पाहिला की डीएनए किती घातला होता ते आधी विचारावं.

सॅम्पलकडे येऊ. जांभळ्या टोपणाची ईडीटीए ट्यूब, ३ मि.ली. पुरे. हिरव्या टोपणाची हेपरिन ट्यूब नको, हेपरिन पीसीआर अडवतं आणि साध्या स्वच्छतेने पूर्ण जात नाही. ट्यूब आठ-दहा वेळा हळूच उलटी करा. गुठळी झाली तर सॅम्पल फेकून नवीन घ्या, कारण गुठळीत पांढऱ्या पेशी अडकतात आणि त्या सगळ्या प्रकारच्या सारख्या प्रमाणात अडकतात असं मानायला आधार नाही. त्याच ट्यूबमधून त्याच दिवशी सीबीसी आणि पेशींचा डिफरन्शिअल काउंट (पांढऱ्या पेशींच्या प्रकारांचं प्रमाण) काढून ठेवणं सक्तीचं धरा. हे का, ते पुढे पेशींच्या प्रमाणाच्या भागात. २०० मायक्रोलिटर रक्तातून कॉलम किटने साधारण ४ ते १२ मायक्रोग्रॅम डीएनए मिळतो, म्हणजे डीएनएची टंचाई कधीच नसते. २६०/२८० गुणोत्तर (डीएनएची शुद्धता दाखवणारं) १.७ ते १.९ मध्ये हवं. मोजणी क्यूबिटवर (डीएनएला चिकटणाऱ्या रंगाने मोजणारं यंत्र), निव्वळ नॅनोड्रॉपवर (प्रकाशशोषणावरून मोजणारं यंत्र) नको.

बायसल्फाइट ही पायरी बहुतेक चुकांचं माहेर. यात मिथाइल नसलेलं सायटोसीन युरॅसिल बनतं आणि पीसीआरमध्ये थायमीन म्हणून वाचलं जातं. मिथाइल असलेलं तसंच राहतं. एका प्रचलित किटमध्ये २० मायक्रोलिटर डीएनए आणि १३० मायक्रोलिटर रिएजंट, ९८ अंशांवर १० मिनिटं, ६४ अंशांवर अडीच तास, मग कॉलमवर डीसल्फोनेशन बफर (सल्फोनेट गट काढणारं द्रावण) १५ ते २० मिनिटं. ५०० नॅनोग्रॅम डीएनए घाला आणि प्रत्येक सॅम्पलला तेवढाच घाला. बिघडतं ते असं:

रूपांतर अपुरं राहतं, आणि न बदललेलं सायटोसीन ‘मिथायलेटेड’ म्हणून वाचलं जाऊन पातळी खोटी वर जाते. कारणं बहुतेक वेळा चारच: डीएनएत प्रथिन राहिलेलं, डीएनए दोन मायक्रोग्रॅमच्या वर, विरघळवून बरेच दिवस उजेडात ठेवलेलं रिएजंट, आणि झाकणाला चिकटलेला थेंब. शेवटचं कुणी सांगत नाही. झाकणावर साचलेल्या थेंबात रिएजंट आणि डीएनए यांचं प्रमाण बिघडतं, तिथलं रूपांतर अर्धवट होतं आणि तो थेंब शेवटी परत खाली मिसळतो. गरम झाकणाचा थर्मल सायकलर वापरा, सुरू करण्याआधी ट्यूब फिरवून खाली आणा. डीसल्फोनेशन वीस मिनिटांच्या पुढे गेलं तर उलटा त्रास, डीएनए तुटतो. आणि रूपांतरानंतरचा डीएनए एकपदरी असतो: क्यूबिटची दुपदरी डीएनएची किट त्याला जवळपास शून्य दाखवते, म्हणून नवखी मंडळी ‘सगळा डीएनए गेला’ म्हणून पुन्हा सुरुवात करतात. नॅनोड्रॉपवर आरएनएच्या सेटिंगने वाचा.

प्रायमर (पीसीआर कुठून सुरू व्हावं हे ठरवणारे डीएनएचे छोटे तुकडे) १०० ते १५० बेस-जोड्यांच्या तुकड्यासाठी बेता. बायसल्फाइटनंतर याहून लांब तुकडे सलग उरण्याची शक्यता झपाट्याने घटते. प्रायमरमध्ये सीपीजी जागा येऊ देऊ नका, पण सीपीजीबाहेरची सायटोसीन चार-पाच तरी घ्या, म्हणजे अर्धवट रूपांतर झालेले रेणू वाढणारच नाहीत. प्रायमर-प्रोबच्या खाली दक्षिण आशियाई लोकांत आढळणारा जनुकीय बदल आहे का, हे सार्वजनिक डेटाबेसमध्ये दक्षिण आशियाई गट निवडून तपासा. युरोपीय डेटावर तपासलेला प्रोब इथे काही लोकांत एका प्रतीवर बसतच नाही, आणि मग त्या माणसाची पातळी कायमची चुकीची येते. पुन्हा केलं तरी तीच चूक तितक्याच नेमकेपणाने येते, त्यामुळे संशयही येत नाही.

प्रत्येक रनमध्ये काय हवं: ०, २५, ५०, ७५ आणि १०० टक्के मिथायलेटेड डीएनएची शिडी, बायसल्फाइट न केलेला डीएनए (यातून काही वाढलं तर प्रायमर चुकलेत), पाण्याची विहीर, आणि एकाच माणसाचा मोठ्या प्रमाणात काढून छोट्या भागांत गोठवलेला डीएनए, जो दर वेळी बायसल्फाइटपासून पुढे न्यायचा आणि ज्याचा आकडा लेव्ही-जेनिंग्स तक्त्यावर (कंट्रोलचा आकडा रनगणिक सरकतो का हे दाखवणाऱ्या आलेखावर) टाकायचा. १०० टक्क्यांचा कंट्रोल घरी बनवत असाल तर एम.एसएसएसआय या मिथाइल गट बसवणाऱ्या एन्झाइमसोबतचं सॅम हे मिथाइल पुरवणारं रसायन मध्येच संपतं. चार तासांच्या रिअॅक्शनमध्ये ते अर्ध्यावर पुन्हा घाला, नाहीतर तुमचा ‘१००’ प्रत्यक्षात ९० असेल आणि सगळी शिडी सरकेल. पायरोसिक्वेन्सिंगवर ही शिडी आणखी गरजेची, कारण साध्या पीसीआरमध्ये अनमिथायलेटेड पट्टी बहुधा जास्त जोमाने वाढते आणि ५० टक्क्यांचं मिश्रण ४० दिसू शकतं. शिडीवरून वक्र काढून दुरुस्ती करता येते. डिजिटल पीसीआरमध्ये हा पक्षपात बराचसा आपोआप निघून जातो.

आता पेशींचं प्रमाण, आणि इथे बहुतेक प्रकल्प बुडतात. समजा एका जागेचं मिथायलेशन लिम्फोसाइटमध्ये ९० टक्के आणि न्यूट्रोफिलमध्ये ५० टक्के आहे. न्यूट्रोफिल ६० आणि लिम्फोसाइट ४० टक्के असतील तर रक्ताची पातळी ६६ येते. त्याच माणसाला ताप आला, न्यूट्रोफिल ८० झाले, तर ५८. आठ टक्के घसरण, आणि एकाही पेशीत एकही मिथाइल गट हललेला नाही. हार्ट अटॅकनंतर न्यूट्रोफिल वाढतातच. म्हणजे आयसीयूत घेतलेलं अटॅकच्या रुग्णांचं रक्त आणि कॅम्पमध्ये घेतलेलं निरोगी लोकांचं रक्त यांची तुलना केली की शेकडो ‘मार्कर’ सापडतात आणि ते सगळे मिळून सीबीसीत फुकट दिसणारी गोष्ट सांगतात. हाच अभ्यास इतक्या ठिकाणी इतक्या वेळा झाला आहे की निबंधाच्या पद्धती विभागात रक्त कधी घेतलं हे नसेल तर पुढे वाचण्यात वेळ घालवू नये.

यावर उपाय आहेत. अॅरेचा (एका चिपवर लाखो जागा एकदम मोजणाऱ्या पद्धतीचा) डेटा असेल तर पेशींचं प्रमाण त्याच डेटातून काढता येतं. २०१२ मध्ये हाउसमन यांनी मांडलेली पद्धत आणि त्यानंतर वेगळ्या केलेल्या पेशींवर बनलेले, बारा प्रकारच्या पेशींपर्यंत जाणारे संदर्भसंच उपलब्ध आहेत. चार-पाच जागांचंच पॅनेल असेल तर डिफरन्शिअल काउंट समीकरणात घ्या. आणि रक्त घेताना ताप, डेंग्यू, दातांचा पू, प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचा कोर्स, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया यांतलं काहीही असेल तर सरळ चार आठवडे थांबायला सांगा. चार हा आकडा माझा अंदाजाचा नियम आहे. सीबीसी मूळपदावर आली की पुरे.

वय झालेल्यांत आणखी एक गोम. डीएनएमटी३ए आणि टीईटी२ ही मिथाइल गट बसवणाऱ्या आणि काढणाऱ्या एन्झाइमांची जनुकं. सत्तरीपुढच्या दहातल्या एकाहून अधिक लोकांत रक्ताच्या काही पेशींची वसाहत अशाच जनुकांतला बदल घेऊन वाढलेली असते. २०१७ मध्ये दाखवलं गेलं की अशा लोकांत कोरोनरी आजाराचा धोका सुमारे दुप्पट असतो. म्हणजे म्हाताऱ्या रुग्णात दिसलेला मिथायलेशनचा बदल या वसाहतीचा असू शकतो. तो धोक्याचा खरा इशाराच, पण सिगारेट सोडून किंवा साखर उतरवून तो मागे जाणार नाही.

औषधांचंही आहे. स्टॅटिन घेणाऱ्यांत एबीसीजी१ आणि डीएचसीआर२४ मधल्या जागांची पातळी न घेणाऱ्यांपेक्षा वेगळी असते, आणि एबीसीजी१ च्या बाबतीत ती दिशा मधुमेहाच्या धोक्याकडची. अॅटोरव्हास्टॅटिन सुरू करून एलडीएल निम्म्यावर आणलेल्या रुग्णाला पॅनेल ‘धोका वाढला’ म्हणू शकतं. फॉर्मवर औषधांचा रकाना ठेवा, आणि तो रिकामा असेल तर सॅम्पल पुढे नेऊ नका.

मग तंबाखूची पंचाईत. २०१६-१७ च्या ग्लोबल अॅडल्ट टोबॅको सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरतात आणि धूम्रपान करणारे फक्त ३.८ टक्के. एएचआरआरची जागा उतरते ती जळण्यातून निघणाऱ्या पॉलिसायक्लिक हायड्रोकार्बनसारख्या रसायनांमुळे. ती एएच रिसेप्टरला बसतात आणि एएचआरआर हा त्याच रिसेप्टरचा लगाम. गुटखा, खैनी, चुन्यासोबतची तंबाखू यांत जळणंच नाही. (मिश्री वेगळी धरा, तिची तंबाखू भाजून काळी केलेली असते.) स्वीडनमध्ये स्नस ही धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्यांच्या अभ्यासात धूम्रपानाच्या खुणा ठळक दिसल्या, स्नसच्या दिसल्या नाहीत. पण हृदयाला मात्र फरक पडतो: इंटरहार्ट अभ्यासात तंबाखू चघळणाऱ्यांत हार्ट अटॅकचा धोका सुमारे दुप्पट होता. म्हणजे पाश्चात्त्य लोकांवर बेतलेलं, एएचआरआरला मोठं वजन देणारं पॅनेल सांगली-सोलापूरकडच्या तंबाखू चघळणाऱ्या बाईला ‘धोका कमी’ म्हणेल. उलट चुलीच्या धुरातही तीच हायड्रोकार्बनं असतात, त्यामुळे कधीही विडी न ओढलेल्या, पण वर्षानुवर्षं लाकडावर स्वयंपाक केलेल्या बाईची पातळी उतरलेली मिळाली तर तिला खोटं बोलतेस म्हणू नये. या दोन कारणांसाठी, इथल्या लोकांवर नव्याने पडताळणी न करता परदेशी गुणांकन वापरणं मला मान्य नाही. फॉर्मवर ‘धूम्रपान: हो/नाही’ एवढंच छापू नका, विडी, सिगारेट, मिश्री, गुटखा, चुना-तंबाखू, चूल, प्रत्येकाची वर्षं वेगळी विचारा.

कुणाला नव्या जागा शोधायच्याच असतील तर अॅरे घ्यावा लागेल. ईपिक अॅरेवर साडेआठ लाखांहून जास्त जागा, नव्या आवृत्तीत नऊ लाखांच्या पुढे, एका चिपवर आठ सॅम्पल, प्रत्येकी २५० नॅनोग्रॅमच्या वर डीएनए. बायसल्फाइटचा कार्यक्रमही वेगळा: ९५ अंश ३० सेकंद आणि ५० अंश ६० मिनिटं, अशा १६ फेऱ्या. सगळ्यात महागडी चूक एक्सेल शीटमध्येच होते: रुग्ण एका चिपवर, निरोगी दुसऱ्या चिपवर. मग आजाराचा फरक आणि चिपचा फरक वेगळा करणारं कुठलंही सॉफ्टवेअर नाही. आठांत चार-चार मिसळा, वय आणि लिंग सांभाळून, आणि चिपवरची ओळही आलटून पालटून. अॅरेवरच्या जनुकीय बदलांच्या प्रोबवरून आणि एक्स-वाय गुणसूत्रांवरून सॅम्पलची अदलाबदल पकडा. शंभरात एखादी सापडतेच. जुन्या आवृत्तीतल्या सगळ्या जागा नव्या आवृत्तीत नाहीत, शिवाय नव्यात प्रोबच्या नावांना शेपटं जोडलेली आहेत, त्यामुळे जुना कोड काहीही न बोलता जागा गाळून टाकतो. संख्याशास्त्रीय ठळकपणाची (पी-व्हॅल्यूची) मर्यादा ईपिकसाठी ९ गुणिले दहाचा उणे आठवा घात धरतात. आणि जागा निवडण्याचं काम पूर्ण डेटावर करून मग ‘क्रॉस व्हॅलिडेशन’ (डेटाच्या घड्या करून एकेक बाजूला ठेवून तपासणं) केलं तर मिळणारी ९५ टक्के अचूकता निव्वळ कागदावरची. निवडसुद्धा प्रत्येक घडीच्या आत व्हायला हवी.

प्लाझ्मातला मुक्त डीएनए ही वेगळी तपासणी आहे, तिची गल्लत करू नका. तिथे खरोखर हृदयाच्या पेशींचा डीएनए शोधतात. एफएएम१०१ए नावाची जागा हृदयस्नायूत मिथाइलविना असते आणि इतर पेशींत मिथाइलसहित. २०१८ मध्ये हार्ट अटॅकच्या रुग्णांच्या रक्तात अशा प्रती वाढलेल्या दाखवल्या गेल्या. पण पेशी मेली तरच डीएनए बाहेर येतो. अरुंद झालेली धमनी आणि जिवंत स्नायू असलेल्या माणसात शोधायला काही नसतं. २ मि.ली. प्लाझ्मात सुमारे १० नॅनोग्रॅम, म्हणजे ३,००० प्रती. त्यात हृदयाच्या ०.१ टक्का असल्या तर तीन रेणू, आणि बायसल्फाइटनंतर कदाचित एक. करायचंच असेल तर ईडीटीए रक्त चार ते सहा तासांत दोनदा फिरवा, आधी १,६०० जी आणि मग १६,००० जी, प्रत्येकी १० मिनिटं. उशीर झाला तर फुटलेल्या पांढऱ्या पेशींचा डीएनए सगळं बुडवतो. ट्रोपोनिन हेच काम स्वस्तात आणि तासाभरात करतं, त्यामुळे हा विषय सध्या संशोधकांकडेच राहू द्यावा.

तर सुरुवात कशी करावी? डिजिटल पीसीआरची सोय होत असेल तर फक्त सीजी०५५७५९२१, धुराच्या संपर्काची खूण म्हणून, व्यसनमुक्ती केंद्र किंवा हृदयरोग विभागासोबत. पुनरावृत्तीची चाचणी २० दिवस, रोज दोन रन, प्रत्येकात दोन प्रती, आणि तीही तीन पातळ्यांच्या सॅम्पलवर, बायसल्फाइटसकट. दिवसागणिक प्रमाण विचलन दोन टक्क्यांत येईपर्यंत रुग्णाचं सॅम्पल घेऊ नका. प्लॅटफॉर्म बदलला की निरोगी लोकांची स्वतःची संदर्भमर्यादा नव्याने काढा. पायरोचा ८२ आणि डिजिटलचा ८२ एक नव्हेत. हृदयविकाराचा धोका जोखायचा तर त्याच पैशांत लिपिड प्रोफाइल, एचबीए१सी आणि आयुष्यात एकदा लायपोप्रोटीन(ए) करायला सांगा, आणि मधल्या धोक्याच्या रुग्णात कोरोनरी कॅल्शियमचा सीटी. या तपासण्यांवर डॉक्टरला पुढे काय करायचं ते ठरलेलं आहे, मिथायलेशनच्या आकड्यावर ठरलेलं नाही.

रिपोर्टवर टक्केवारी, मोजलेल्या रेणूंची संख्या, खात्रीची पट्टी, त्या दिवशीचे न्यूट्रोफिल-लिम्फोसाइट, आणि ‘धूरविरहित तंबाखूचा परिणाम या तपासणीत दिसेलच असं नाही’ ही ओळ ठळक अक्षरात. ‘हृदयविकार आहे’ किंवा ‘नाही’ असे शब्द कुठेही नकोत. आणि काउंटरवर बसणाऱ्याला एवढं सांगून ठेवा: छातीत दुखतं म्हणून कुणी आलं तर हे सॅम्पल घ्यायचं नाही, ईसीजीची सोय असेल तिथे पाठवायचं, नाहीतर १०८ ला फोन लावायचा.